बंद होणार म्हणे!

अफवा हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला, आणि मूळ अरबींत त्याचा अर्थ केवळ ‘तोंडें’ एवढाच आहे. या अनेकवचनाला ज्या कोणी वार्तेचा अर्थ चिकटविला त्याच्या मार्मिकतेचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. एक तोंड बोलतें तेव्हां ती बातमी असते. तिला कोणी तरी धनी असतो आणि त्याला जाऊन विचारतां येतें. तोंडें बोलूं लागलीं कीं धनी नाहींसा होतो. आपल्या मराठीनें तर या एका वस्तूसाठीं केवढा शब्दांचा संसार मांडला आहे! आवई, कंडी, वावडी, भुमका, हूल, वदंता. कंडी पिकते, आवई उठते, हूल दिली जाते आणि वावडी उडवितात. वावडी म्हणजे मूळचा मोठा पतंगच. दोरी कोणाच्या हातांत आहे हें खालीं जमलेल्या पोरांना दिसत नाहीं; पण माना मात्र सर्वांच्याच वर झालेल्या असतात.

पूर्वीं अशा वावड्या राजेरजवाड्यांच्या जगण्यामरण्याच्या असत. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते जिवंत आहेत ही वार्ता कांहीं पडली नाहीं. ती पुढें पंधरा वर्षें फिरत राहिली, तिनें अखेर एक तोतया उभा केला, आणि १७७६ सालीं त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुणें दरबारास तिनें सुखाची झोप घेऊं दिली नाहीं. हल्लीं राजे उरले नाहींत, त्यामुळें हें काम मोबाईल फोनांवर येऊन पडलें आहे. अमुक मॉडेल बंद होणार, तमुक मॉडेलाच्या जागीं दुसरें येणार, त्याचें नांव जाणार पण रूप राहणार, किंवा रूप जाणार पण नांव राहणार, अशा वार्ता बाराहि महिने चालू असतात. आमचे चिरंजीव रोज रात्रीं जेवतांना या दरबारचें वर्तमान घेऊन येतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटीं ‘म्हणे’ हा शब्द असतो, आणि या ‘म्हणे’चा कर्ता कोण, असें विचारल्यास ते आमच्याकडे, व्याकरणाच्या नादीं लागलेल्या मनुष्याकडे जसें पाहावें, तसें पाहतात.

या वार्तांपैकीं एकीशीं आमच्या घराचा प्रत्यक्ष संबंध आला. ‘आयफोन एसई’ नांवाचा जो लहान चणीचा फोन होता, ज्याच्या तोंडाखालीं एक वाटोळें बटण असे, तो बंद होणार ही ती वार्ता. तिच्याकडे येण्यापूर्वीं थोडें शास्त्र सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पोटासाठीं अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याची ही खोड वाचकांनीं सोसून घ्यावी.

रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञानें १९७२ सालीं एक छोटेखानी लेख लिहिला. टिकाऊ वस्तु विकणाऱ्या मक्तेदाराला बाहेरचा प्रतिस्पर्धी नसला, तरी एक प्रतिस्पर्धी असतोच, आणि तो म्हणजे उद्यांचा तो स्वतः, असा त्या लेखाचा मथितार्थ. हाच मनुष्य उद्यां हीच वस्तु उतरत्या भावानें विकील असें गिऱ्हाइकाला वाटलें, कीं तें आज हात आखडतें. वस्तु टिकाऊ असल्यामुळें त्याला थांबणें परवडतें. भाजीवाल्याच्या बाबतींत हें घडत नाहीं. उद्यां मेथी स्वस्त होणार म्हणून आजचा स्वयंपाक कोणी राहूं देत नाहीं. कोजचा लेख किंमतीविषयीं होता. पण स्वस्त याच्या जागीं नवें हा शब्द घातला तर मॉडेलांच्या बाजाराला तो जसाच्या तसा लागू पडतो.

हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ पासून निघत होती आणि दीड कोटींचा आंकडा तिनें गांठला होता. १९२७ च्या मे महिन्यांत ती बंद करण्यांत आली, कारखाने थांबले, आणि तिची जागा घेणाऱ्या ‘मॉडेल ए’चें दर्शन लोकांस झालें तें डिसेंबरांत. मधल्या काळांत कित्येक गिऱ्हाइकें वाट पाहत राहिलीं, कित्येकांना वाट पाहवली नाहीं. त्या वर्षीं शेव्हरोलेची विक्री फोर्डच्या पुढें गेली. फोर्डपाशीं मात्र एवढा पैसा होता कीं असा उपास त्याला सोसला.

ज्याला तो सोसला नाहीं त्याचें नांव अ‍ॅडम ऑस्बर्न. हा गृहस्थ १९३९ सालीं बँकॉकमध्यें जन्मला आणि त्याचें बाळपण तामिळनाडूंत, तिरुवण्णामलैच्या छायेंत गेलें. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त व त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे. अरुणाचलाच्या पायथ्याशीं वाढलेल्या या मुलानें पुढें अमेरिकेंत जाऊन १९८१ सालीं हातांत धरून नेण्याजोगा संगणक बाजारांत आणला. ‘हातांत धरून’ असें म्हणावयाचें, पण त्याचें वजन सुमारें अकरा किलो होतें, आणि पडदा होता पांच इंचांचा. किंमत १,७९५ डॉलर. तो भराभर खपला. १९८३ च्या आरंभीं ऑस्बर्ननें याहून सरस यंत्र येत असल्याचें बोलून दाखविलें, तें दुकानांत पोंचण्यापूर्वींच. आणि लोकांनीं पहिलें घेण्याचें थांबविलें अशी कथा आहे. सप्टेंबरांत कंपनीनें दिवाळें काढलें. तेव्हांपासून व्यापाराच्या पुस्तकांत या प्रकाराला ‘ऑस्बर्न परिणाम’ असें नांवच पडून गेलें. ही कथा निर्भेळ खरी नाहीं असें म्हणणारेहि आहेत; त्याच सुमारास आलेला केप्रोचा संगणक मोठ्या पडद्याचा होता आणि आयबीएमची सर्व बाजारावर छाप पडत चालली होती, तेव्हां ऑस्बर्नच्या जिभेवर सगळें खापर फोडणें अन्यायाचें आहे, असा त्यांचा पक्ष. आम्हांस तो पटतो. तरी कथा टिकली ती टिकलीच. स्वतःच्या तोंडानें स्वतःच्या मालाचें मरण सांगणारा दुकानदार ही कल्पनाच इतकी नाट्यमय आहे कीं तिच्यापुढें हिशेबाच्या वह्या कोण उघडतो! ऑस्बर्न पुढें भारतांत परतला आणि २००३ सालीं कोडाईकनालला वारला.

नोकियाचें उदाहरण याहून ताजें आणि याहून मोठें. ११ फेब्रुवारी २०११ रोजीं त्या कंपनीनें जाहीर केलें कीं आपले फोन ज्या ‘सिंबियन’ प्रणालीवर चालतात ती हळूहळू मोडीत काढून यापुढें मायक्रोसॉफ्टची प्रणाली घेणार. नव्या प्रणालीचा पहिला फोन दुकानांत येण्यास नोव्हेंबर उजाडला. मधले नऊ महिने विक्रेत्यानें काय सांगून फोन विकावा? आदल्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहींत कंपनीचे स्मार्टफोन २ कोटी ८३ लाख गेले होते. २०११ च्या दुसऱ्या तिमाहींत ते १ कोटी ६७ लाखांवर आले. बाजारांत इतर बलाढ्य प्रतिस्पर्धी होतेच, हें येथेंहि विसरतां येत नाहीं.

या साऱ्यापासून पुढच्या कारखानदारांनीं एकच धडा घेतला, तो म्हणजे मौनाचा. नवें मॉडेल टेबलावर ठेवीपर्यंत त्याविषयीं चकार शब्द काढावयाचा नाहीं. पण धन्यानें तोंड मिटलें म्हणून तोंडें मिटत नाहींत. उलट, फोन निघण्यापूर्वीं त्याचें कवच विकणाऱ्यांना सांचे करावे लागतात, पडदे पुरविणाऱ्यांना मागणी आधीं कळवावी लागते, आणि या सगळ्या कारखान्यांच्या भिंतींना कान असतात. दुकानांत अमुक रंगाचा माल संपला, नवा भरला नाहीं, एवढ्यावरून जाणते लोक मॉडेलाची नाडी पाहतात. तैवानमध्यें मिंग-ची कुओ नांवाचे विश्लेषक आहेत; त्यांचें भाकीत म्हणजे या पंथांत पंचांग समजलें जातें. २०२३ च्या जानेवारींत त्यांनीं चौथा एसई रद्द झाल्याचें सांगितलें आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वींच त्याचें काम पुन्हां सुरू झाल्याचें सांगितलें. यांत त्यांना हंसण्यासारखें कांहीं नाहीं. कारखान्याचा बेत खरोखरच दोनदां बदलला असेल. परंतु आमच्या घरीं एकाच फोनाचें सुतक आणि बारसें दोन महिन्यांच्या आंत झालें, ही गोष्ट नमूद करून ठेवण्याजोगी आहे.

कधीं कधीं वार्ता खरी ठरते, पण सांगितली त्या रीतीनें नव्हे. सॅमसंगचा लेखणी असलेला ‘नोट’ हा फोन बंद होणार अशी वदंता २०२० च्या अखेरीस पसरली. २०२१ सालीं नवा नोट निघाला नाहीं, तेव्हां ती खरी ठरलीसें वाटलें. २०२२ च्या फेब्रुवारींत ‘एस २२ अल्ट्रा’ नांवाचा फोन आला, आणि पाहतात तों त्याच्या पोटांत तीच लेखणी! नांव मेलें, जीव दुसऱ्या घरीं गेला. याच्या उलट प्रकार ‘नोकिया ३३१०’चा. सन २००० मध्यें निघालेला तो दणकट फोन केव्हांच काळाआड गेला होता. २०१७ सालीं त्याच नांवाचा, रंगीत पडद्याचा, नवा फोन दुसऱ्याच कंपनीनें त्या नांवाचा परवाना घेऊन आणला. लोकांनीं त्याचें प्रेमानें स्वागत केलें. आम्हांस मात्र पुण्याच्या तोतयाची आठवण झाली.

आतां आमच्या मातोश्रींकडे येतों.

त्यांचें वय त्र्याऐंशी. दोन्हीं डोळ्यांत काचबिंदु आहे. मोतीबिंदूनें सगळेंच चित्र धुरकट होतें आणि शस्त्रक्रियेनें तें निवळतें. काचबिंदूचें तसें नाहीं. तो नजरेच्या कडा खात आंत येतो, आणि गेलेलें परत मिळत नाहीं. समोरचें नेमकें दिसतें, पण भोंवतालचें नाहीं. अशा स्थितींत त्या आमचाच जुना आयफोन ७ वापरीत आणि रोज संध्याकाळीं न्यू जर्सीस असलेल्या आमच्या बहिणीशीं बोलत. त्या फोनावर त्यांनीं एकच विद्या कमावली होती, ती वाटोळ्या बटणाची. कोठेंहि वाट चुकली, कांहीं भलतेंच उघडलें, कीं आंगठ्यानें चांचपून तें बटण दाबावयाचें, म्हणजे फोन पहिल्या जागीं येतो. इंग्रजींत त्याला घराचेंच बटण म्हणतात हें आम्हीं त्यांस कधीं सांगितलें नव्हतें. तरी त्या त्याला ‘घर’च म्हणत.

या बटणांतील एक गंमत पुष्कळांस ठाऊक नसते. २००७ च्या पहिल्या आयफोनापासून बटण खरोखर खालीं दबत असे. २०१६ च्या आयफोन ७ पासून तें दबेनासें झालें. तें एक स्थिर वर्तुळ आहे; बोटाचा दाब ओळखून आंतलें एक लहानसें यंत्र धक्का देतें आणि बोटाला वाटतें कीं बटण खालीं गेलें. फोन बंद असेल तर तें वर्तुळ दगडासारखें निश्चल राहतें. जुन्या फोनाची बॅटरी अवचित संपूं लागली तेव्हां आईनें हांक मारून सांगितलें, “अरे, आज घर लागतच नाहीं.” विजेचा खेळ आहे, बटण कधींच हलत नव्हतें, हें आम्हीं तिला समजावून दिलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “तुला हलत नसेल. मला हलतें.”

नवा फोन घेणें आतां भाग होतें. चिरंजीव म्हणाले, “बाबा, थोडं थांबा. नवा एसई येतोय. मोठा पडदा, टाईप-सी चार्जर, सगळं नवं.”

“आणि बटण?”

“बटण जाणार म्हणे.”

सौ.नीं मुलाचीच री ओढली, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. पावणेपांच इंचांहून सहा इंचांचा पडदा वृद्ध डोळ्यांना बराच, असें कोणीहि म्हणेल. पण बटण नसलेल्या फोनावर घरीं परतावयाचें तें पडद्याच्या तळच्या कडेवर बोट ठेवून वर सरकवून. कड सांपडली पाहिजे, बोट न थांबतां सरकलें पाहिजे, मध्येंच थबकलें तर निराळेंच कांहीं उघडतें. ज्या बाईच्या दृष्टीच्या कडाच गेल्या आहेत तिला ही विद्या नव्यानें शिकवावयाची! आम्हीं चिरंजीवांचा फोन देऊन आठ दिवस तिची शिकवणी घेतली. नवव्या दिवशीं तिनें तो आमच्या हातीं परत दिला. रागावली नाहीं, थकली होती. त्या आठवड्यांत तिनें न्यू जर्सीशीं तीनच वेळां बोलणें केलें, तेंहि आम्हीं लावून दिलें तेव्हां.

तेव्हां आमच्या मनांत आलें कीं ‘थांबा’ म्हणणाऱ्यांनीं एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कोजच्या लेखांतलें गिऱ्हाईक थांबतें, कारण त्याच्यापाशीं वेळ असतो आणि नवें आलेलें आजच्यापेक्षां सरस असणार याबद्दल त्याला शंका नसते. मॉडेल बंद होण्याच्या वार्ता सगळ्या या गिऱ्हाइकासाठीं लिहिलेल्या असतात. ज्याच्या आंगठ्यानें जुन्याची ओळख करून घेतली आहे त्यालाहि ती वार्ता ऐकूं येते, पण त्याच्या कानीं ती उलटी वाजते. इतरांस ती ‘आज घेऊं नका’ असें सांगते, त्याला ‘आजच घ्या’.

बातमीला कायद्याचाहि आधार मिळाला होता. युरोपीय संघांत २८ डिसेंबर २०२४ पासून फोनांना एकाच जातीचें, टाईप-सीचें, चार्जिंगचें तोंड सक्तीचें झालें, आणि जुन्या तोंडाचा एसई तेथील दुकानांतून त्याच सुमारास निघाला. एका बाजारांतून वस्तु उठली कीं दुसऱ्यांतून उठावयास किती वेळ! २०२५ च्या जानेवारींत आम्ही शहरांतील एका दुकानांत गेलों आणि तिसऱ्या पिढीचा एसई मागितला. काउंटरवरच्या मुलानें आमच्याकडे करुणेनें पाहिलें.

“सर, हा आता जाणार. पुढच्या महिन्यात नवा येतोय. उगीच कशाला घेता?”

“जाणार आहे, म्हणूनच घेतों.”

अशा गिऱ्हाइकाशीं काय बोलावें तें त्याला शिकविलेलें नव्हतें. त्यानें आंतल्या मनुष्याला विचारून आणलें, पुन्हां एकदां समजावून सांगितलें, आणि आमचा हट्ट कायम आहेसें पाहून खोक्यावरची धूळ पुसून फोन दिला. तो प्रामाणिक मुलगा होता. नफ्यासाठीं गप्प बसला असता तर आम्ही काय करणार होतों? दोन घेऊन एक ठेवून द्यावा असाहि विचार आमच्या मनांत आला होता. तो घरीं बोलून दाखवितांच आई म्हणाली, “दोन कशाला? लोणच्याची बरणी आहे का ती, मुरवत ठेवायला?” तिचें म्हणणें शास्त्रालाहि धरून होतें, बॅटरी न वापरतांहि म्हातारी होते.

१९ फेब्रुवारी २०२५ रोजीं ‘आयफोन १६ई’ जाहीर झाला. पडदा मोठा, चार्जरचें तोंड नवें, बटण गेलेलें, आणि एसई हें नांवहि गेलेलें. तिसरा एसई अमेरिकेंत ४२९ डॉलरना निघाला होता, हा ५९९ ना. त्याच दिवशीं कंपनीनें एसई आपल्या यादींतून काढला. चिरंजीवांच्या बहुतेक सर्व वार्ता खऱ्या निघाल्या, आणि त्या रात्रीं त्यांनीं जेवणांत दोन पोळ्या अधिक खाल्ल्या. कंपनीला यांत बोल लावण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. २०१७ च्या सांगाड्यावर २०२५ पर्यंत दुकान मांडणें हेंच या धंद्यांत दीर्घायुष्य. आणि कोट्यवधि गिऱ्हाइकांना मोठा पडदा हवा असतां एका आंगठ्याची मर्जी कोण राखणार? चिरंजीव ज्या उत्साहानें ही बातमी सांगत होते तो पाहतांना मात्र आम्हांस आमच्या स्टाफरूमची आठवण झाली. तेथें नव्या अभ्यासक्रमाच्या गोष्टी निघाल्या कीं निवृत्तीस थोडीं वर्षें उरलेले आम्ही लोक चहाच्या पेल्यांत पाहूं लागतों.

आई नवा, म्हणजे जुना, फोन बिनतक्रार वापरते. पहिल्याच संध्याकाळीं तिनें घर शोधून काढलें. आंगठ्याला तो फरक कळलादेखील नाहीं. आतां प्रश्न उरला आहे तो किती दिवसांचा एवढाच, आणि त्याचें उत्तर निदान वावडींत नाहीं, लेखी आहे. विक्री थांबून पांच वर्षें झालीं कीं फोन ‘व्हिंटेज’ यादींत जातो आणि त्याचे सुटे भाग मिळण्याची खात्री राहत नाहीं. सात वर्षें झालीं कीं तो ‘ऑब्सोलीट’ ठरतो आणि दुरुस्ती सहसा बंद होते. एसईच्या बाबतींत हीं सालें २०३० व २०३२ येतात. आम्हीं हें वाचून दाखविलें तेव्हां आईनें बोटांवर हिशेब केला. “बत्तीस सालीं मी नव्वदीची,” ती म्हणाली. “कोण आधीं यादींत जातो पाहूं.”

बॅटरी २०२९ च्या दिवाळीपूर्वीं एकदां बदलून घ्यावी, असें आम्हीं डायरींत लिहून ठेवलें आहे.